तळहातावरचं लिंग आणि गावाचं तळं: शरणांचा ‘मी’ नेमका कुठे संपतो?

सोन्नलगी (धागाकर्ता)

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, धाग्यावर नंदीध्वजांच्या (मिरवणुकीतल्या उंच काठ्यांच्या) मानावरून सुरू झालेली चर्चा शिवयोगापर्यंत, म्हणजे लिंगावरच्या ध्यानसाधनेपर्यंत, पोचली आणि तिथले लोक वैतागले. म्हणून हा वेगळा धागा.

तिथं एकाने विचारलं होतं ते थोडक्यात असं. इष्टलिंगाची, म्हणजे लिंगायत अंगावर बाळगतात त्या लहान लिंगाची, साधना पूर्ण एकट्याची आहे. आपलाच तळहात, आपलंच लिंग, मध्ये ना पुजारी ना देऊळ. मग याच शरणांनी, म्हणजे बसवण्णांभोवतीच्या लिंगायत संतांनी, कायक (निष्ठेने केलेलं काम), दासोह (मिळालेलं वाटून खाणं), अनुभवमंटप (सगळ्या जातींच्या शरणांची चर्चासभा) अशी समाजाची एवढी मोठी मांडामांड कशाला केली? आत्मज्ञानाचं एक खातं आणि समाजसुधारणेचं दुसरं, असं होतं का?

माझ्या मते खातं एकच आहे. बाराव्या शतकातल्या कल्याणच्या (आजचं बसवकल्याण) शरणांचं म्हणणं असं की ‘मी कोण’ याचं उत्तर डोळे मिटून मिळत असेल, पण ते खरं की खोटं हे डोळे उघडल्यावर कळतं. बाजारात कसा वागतो, पंगतीत कोणाशेजारी बसतो, जास्तीचं आलं तर काय करतो, यावर ते तपासलं जातं.

आधी चौकट मांडतो, म्हणजे पुढची चर्चा भरकटणार नाही. जीव म्हणजे अंग आणि शिव म्हणजे लिंग. देह तीन: स्थूल, सूक्ष्म, कारण. त्यांना जोडून लिंगंही तीन: इष्टलिंग, प्राणलिंग, भावलिंग. दीक्षाही तीन. वेधादीक्षेने भावलिंग कारणदेहाशी जोडलं जातं आणि आणवमल (मल म्हणजे जिवाला चिकटलेला मळ) जातो. मंत्रदीक्षेने प्राणलिंग सूक्ष्मदेहाशी, आणि जातो तो मायीयमल. क्रियादीक्षेने इष्टलिंग हातावर येतं आणि कार्मिकमल जातो. आणवमल म्हणजे ‘मी एवढाच, इतकाच’ ही आकुंचित जाणीव. हीच सगळ्यात चिवट.

आता सोलापूरची गोष्ट. सिद्धराम, म्हणजे सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर, श्रीशैलाहून परतले, सोन्नलगीत (सोलापूरचं जुनं नाव) तळं खोदलं, गावाभोवती ६८ लिंगं स्थापली. परंपरा सांगते की अनुभवमंटपाचे प्रमुख अल्लमप्रभू इथं आले आणि तळ्याच्या कामावर उभे राहून त्यांनी विचारलं, तो वड्डर, म्हणजे दगडमाती उपसणारा, राम कुठाय? मजूर चिडले, दगड मारले. पण प्रश्न मजुरांसाठी नव्हताच. ‘मी तळं बांधतोय’ यातला ‘मी’ अल्लमांना खुपत होता. पुढे सिद्धराम कल्याणला गेले आणि बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्याकडून त्यांना इष्टलिंगदीक्षा मिळाली. म्हणजे ज्याने गावभर लिंगं बसवली, त्याच्या हातावर लिंग आलं ते सगळ्यांत शेवटी.

यावर बोलूया. जातीची उणीदुणी आणि ‘धर्म वेगळा की एकच’ हा वाद इथं नको. त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि ते कधी थंड होत नाहीत.

अवधान

धागा आवडला. पण इष्टलिंग ‘एकट्याचं’ म्हणून सोडून देण्याआधी हातावर प्रत्यक्ष काय चालतं ते सांगतो. बऱ्याच जणांना ती नुसती पूजा वाटते.

आत दगडाचं लहान लिंग, त्यावर गुळगुळीत काळा लेप. त्याला कंती म्हणतात. सगळा खेळ त्या काळ्या चकाकीचा आहे. स्नान, विभूती, मग लिंग करडगीतून (गळ्यातल्या डबीतून) काढून डाव्या तळहातावर. कोपर बरगडीला टेकवायचं, नाहीतर चार मिनिटांत खांदा भरून येतो आणि ध्यान खांद्याचं होतं. तळहात छातीच्या थोडा वर, डोळ्यांपासून दीड वीत. नजर किंचित खाली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या.

दिवा कुठे ठेवायचा यात नव्याण्णव टक्के लोक गडबडतात. समई समोर ठेवली की ज्योत थेट डोळ्यांत जाते आणि कंती नुसती काळी दिसते. दिवा पाठीमागे, एका खांद्याच्या वर असा हवा. मग कंतीच्या फुगीर भागावर मोहरीएवढा उजेडाचा ठिपका उमटतो. नजर त्या ठिपक्यावर. हात हलला की ठिपका सरकतो, म्हणजे मन कुठं गेलं ते कोणी सांगायला लागत नाही.

सुरुवातीला पाच-सात मिनिटं पुरे. हळूहळू वीस. पापणी लवायची असेल तर लवू द्यावी, डोळे ताणून पाणी काढण्यात पुरुषार्थ नाही. काचबिंदू किंवा पडद्याचा आजार असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. मिरगी असणाऱ्यांनीही. नंतर डोळे मिटून तोच ठिपका हृदयात आहे असं धरायचं. हा प्राणलिंगाकडे जाणारा रस्ता.

देखभाल साधी. कंती पाण्याने धुवायची आणि मऊ कापडाने टिपायची. काथ्या, राख, चिंच, पितांबरी यातलं काही लावू नका. एकदा ओरखडे पडले की ठिपका फुटतो, मग एकाचे चार दिसतात.

कंबरतलाव

छान माहिती. शंका: डोळे मिटल्यावर निळं-जांभळं वर्तुळ दिसतं त्याला काही लोक ‘चित्कळा दिसली’, म्हणजे चैतन्याचं दर्शन झालं, असं म्हणतात. ते खरंच तसं असतं का?

अवधान

नाही. उजळ ठिपक्याकडे बराच वेळ बघितलं की डोळ्याच्या पडद्यावर त्याची उलट्या रंगाची छाप राहते आणि थोड्या वेळात विरते. ट्यूबलाइटकडे बघून डोळे मिटले तरी तेच दिसतं. परंपरेतले जाणते लोकही या वर्तुळांना किंमत देत नाहीत. खूण वेगळी असते. उठल्यावर पहिल्या तासात कोणी टोचून बोललं तर आतून किती वेगाने उसळी येते, ते बघायचं. ठिपका स्थिर आणि उसळी तशीच, तर हाताचा व्यायाम झाला.

हातमाग_पूर्वभाग

सगळं ठीक आहे ओ, पण कायक म्हटलं की मला जरा कापरं भरतं. ‘काम हाच कैलास’ ही पाटी कुठं लागलेली असते बगा. कारखान्याच्या गेटवर, संस्थेच्या हॉलमध्ये, साहेबाच्या खुर्चीमागं. यंत्रमागावरच्या माणसाला मीटरवर मजुरी, विडी वळणाऱ्या बाईला हजार विड्यांमागं मजुरी, आणि वर कैलासाचं आश्वासन. राबणाऱ्याला कैलास अन् मालकाला बंगला, अशी वाटणी असेल तर असलं अध्यात्म आम्हाला नको. शरणांनी हे सांगितलं असेल तर चुकीचं सांगितलं. सांगितलं नसेल तर नेमकं काय सांगितलं ते तरी कळू द्या.

सोन्नलगी

हातमाग, रास्त प्रश्न आहे. आधी एक दुरुस्ती, कारण पाटीवर नाव बहुतेक वेळा चुकीचंच असतं. ‘कायकवे कैलास’ हे बसवण्णांच्या नावावर खपतं, पण वचन (शरणांचं छोटं कन्नड गद्यकाव्य) आयदक्की मारय्यांचं आहे. आयदक्की म्हणजे सांडलेले तांदूळ वेचणारा. गावातला सगळ्यात तळचा माणूस म्हणा. तो म्हणतो, कायकात रमलास तर गुरुदर्शनही विसर, लिंगपूजाही विसर, जंगम (फिरता गुरू) समोर येऊन उभा राहिला तरी भीड धरू नकोस. हे मालकाने मजुराला ऐकवलेलं नाही. तांदूळ वेचणाऱ्याने गुरू, लिंग आणि जंगम या तिघांना ऐकवलेलं आहे.

आणि त्याची बायको लक्कम्मा त्याच्या दोन पावलं पुढे. मारय्या बसवण्णांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचायचा. परंपरा सांगते की एके दिवशी तिथं मुद्दाम जास्त तांदूळ सांडले गेले आणि हा नेहमीपेक्षा जास्त घेऊन आला. लक्कम्माने विचारलं, एवढे कशाला? हाव राजाला शोभते, शिवभक्ताला कशाला? जा आणि जास्तीचे परत टाकून ये. त्याला परत जावं लागलं.

कायकाच्या अटी यातून निघतात. काम स्वतः निवडलेलं हवं, जन्माने चिकटलेलं नव्हे. ते चोख हवं, आणि कुठलंही काम दुसऱ्यापेक्षा खालचं नाही. गरजेपुरतं ठेवायचं, उरलेलं दासोहात. चौथी अट लोक विसरतात: जो मोबदला देतो त्यालाही हाच नियम लागू. मजुरी कापून जो उरवतो, त्याच्या घरात लक्कम्माच्या हिशेबाने जास्तीचे तांदूळ आहेत. ते परत टाकून यायचे. पाटीवर हे वाक्य कोणी रंगवत नाही.

हातमाग_पूर्वभाग

हां, हे पटतंय. आमच्या बाजूचं एक नाव मीच घालतो. देवर दासिमय्या विणकर होते, वचनकारांत फार आधीचे. मागावर बसूनच वचनं केली. तेव्हा मागवाल्याला अध्यात्म शिकवायला कल्याणहून कोणी यायची गरज नव्हती, एवढंच.

रश्शी

नुलिय चंदय्या राहिला की! गवताचे दोर वळून विकणारा. गवत कापताना इष्टलिंग पाण्यात पडलं, तरी हा पठ्ठ्या काम सोडून शोधायला वाकला नाही. उलट लिंगच मागे आलं, आणि मडिवाळ माचय्या या शरणांनी मध्यस्थी केल्यावर लिंगाला कामाला लावून मग हातात घेतलं. वरच्या मारय्याच्या वचनाला ही कथा अगदी फिट बसते. इष्टलिंग दिवसभर अंगावर हवं हा नियमही पाळायचा आणि त्याच्यापायी काम बुडू द्यायचं नाही, हा ताण शरणांनी लपवलेला नाही. कथा करून सांगितला.

मंगळवेढेकर

बसवण्णा कल्याणला जाण्याआधी कलचुरी राजा बिज्जळाच्या पदरी मंगळवेढ्याला कारकुनी करत होते. म्हणजे हिशेबाची वही त्यांना परकी नव्हती, हे वरच्या चर्चेला धरून सांगतो. त्याच मंगळवेढ्यात पुढे शे-दीडशे वर्षांनी चोखोबा झाले. धागाकर्त्यांचं ‘एकच खातं’ हे सूत्र मला चोखोबांपाशी आणून तपासावंसं वाटतं.

वारकरी विचारातही ‘मी’ विरघळतो. ज्ञानदेवांच्या अमृतानुभवात तर अज्ञान म्हणून वेगळी वस्तूच शिल्लक ठेवलेली नाही, सगळा चिद्विलास, म्हणजे चैतन्याचाच खेळ. तत्त्वज्ञान म्हणून याहून उंच काही सापडणार नाही. पण चोखोबा गावकुसाच्या कामावर वेठीला होते. १३३८ मध्ये कूस कोसळलं आणि ते त्याखाली गेले. नामदेवांनी अस्थी पंढरपूरला नेल्या, आणि समाधी झाली ती महाद्वारासमोर, पायरीपाशी. आत नाही. आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं.

अनुभव एवढा मोठा आणि दार सहाशे वर्षं बंद. माझा निष्कर्ष असा की आत्मज्ञान आपोआप समाजात उतरत नाही. त्यासाठी वेगळी यंत्रणा लागते. शरणांनी ती उभी केली: अनुभवमंटप, सहभोजन, आंतरजातीय लग्न. चर्मकार हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी. त्याची किंमत म्हणून दोघा बापांचे जीव गेले आणि कल्याण पेटलं. पण यंत्रणा तर होती.

चिद्विलास

मंगळवेढेकर, मुद्दा भारी आहे, पण दोष तत्त्वज्ञानाच्या गळ्यात घालताना जरा सावकाश. फरक असा आहे. शांकर मताने जग मिथ्या, म्हणून जगातली विषमताही शेवटी मिथ्या. ती दूर करणं चित्तशुद्धीपुरतं. ज्ञानदेवांचं तसं नाही, जग हे त्याचंच स्फुरण आहे. शरणांच्या शक्तिविशिष्टाद्वैतात शिवापासून शक्ती वेगळी काढताच येत नाही, म्हणून जग खरं आणि देहही खरा. देह खरा असेल तर त्याची भूकही खरी. दासोह हा त्यातून सरळ निघणारा निष्कर्ष आहे, वरून चिकटवलेली दया नाही.

यंत्रणेबद्दल सहमत, पण यंत्रणाही सडते. अनुभवमंटपानंतरच्या काही शतकांत त्याच समाजात पोटजाती घट्ट झाल्या, एकमेकांत सोयरीक बंद झाली. म्हणजे यंत्रणा असूनही दार बंद होऊ शकतं. ता.क.: मन्मथस्वामींचे अभंग वाचा. लिंगायत परंपरा आणि मराठी अभंग यांची सांगड सोळाव्या शतकात घालून ठेवलीय. आपण उगाच ‘कन्नड तिकडे, मराठी इकडे’ करत बसतो. सोलापुरात तरी हे शोभत नाही.

रुद्राक्षी

यंत्रणा कुठे सडते ते घरात बघा, इतिहासात कशाला जाता?

पाच सूतकं शरणांनी उडवून लावली: जननसूतक, मरणसूतक, रजःसूतक, उच्छिष्टसूतक, जातिसूतक. कारण लिंग अंगावर असेल तर अंग अपवित्र होणारच कसं? हे तर्काने इतकं घट्ट आहे की यात पळवाट नाही. ज्या बाईच्या गळ्यात लिंग आहे तिची पूजा महिन्यातला एकही दिवस बंद पडायला नको. दीक्षाही मुलगा-मुलगी दोघांना सारखी.

आणि आता घराघरात काय चालतं? चार दिवस करडगी कपाटात, देवघराला हात नाही, लोणच्याला हात नाही. वर ‘आम्ही बसवण्णांचे’ म्हणून अभिमान. वीस मिनिटं ठिपक्याकडे बघणाऱ्या माणसाने आपल्या बायकोला त्या चार दिवसांत ‘तूही बस पूजेला’ असं म्हटलं, तर मी मानेन की त्याचा आणवमल थोडा तरी झिजला. अवधान, तुमच्या खुणांच्या यादीत ही एक वाढवा. यादीत पहिली घ्या.

अवधान

घेतली. आणि रजःसूतक पाळलं की नुसता सामाजिक दोष होत नाही, साधनाही तिथेच मोडते. ‘लिंग कधी शुद्ध अंगावर असतं, कधी अशुद्ध’ असं धरलं की अंग आणि लिंग पुन्हा दोन झाले. दीक्षेने जोडलेलं आपणच सोडवलं.

हुग्गी

एवढा दासोह-दासोह चाललाय पण कोणी चुलीजवळ यायला तयार नाही. म्हणून मी येते.

दान आणि दासोह यातला फरक भाषणात सांगता येत नाही, पंगतीत दिसतो. दासोहाचा वाटा घरखर्चाच्या आधी बाजूला काढायचा, उरलं तर द्यायचं असं नाही. देणाऱ्याचं नाव माइकवरून पुकारायचं नाही, भांड्यांवरही घालायचं नाही. ज्याने शिधा दिला त्याने त्याच पंगतीत, मिळेल त्या जागी बसायचं. आणि प्रसाद पानात टाकायचा नाही, म्हणून वाढणाऱ्याने पळीभर कमी वाढायचं, दुसऱ्यांदा विचारायचं.

आता शंभर माणसांच्या गव्हाच्या हुग्गीचा (गूळ घातलेल्या खिरीचा) हिशेब. खपली गहू ६ किलो. थोडं पाणी शिंपडून सडायचा, कोंडा पाखडायचा, मग रात्रभर भिजत. सकाळी जाड बुडाच्या पातेल्यात पाणी गव्हाच्या साधारण चौपट, म्हणजे २४ लिटरच्या आसपास, त्यातलं आधी तीन भाग घालायचं आणि उरलेलं उकळतं बाजूला ठेवून लागेल तसं. शिजायला अडीच-तीन तास धरा. गूळ ६ किलो, तूप १ किलो, सुकं खोबरं किलोभर, खसखस पाव किलो, वेलदोडे-सुंठ बेतानं, मीठ मूठभर नको, चिमूटभर.

बिघडतं कुठं? घाई करून गूळ आधी पडला की गहू तिथेच अडकतो, मग कितीही जाळ करा, दाणा टणकच राहतो. गहू दोन बोटांत चेपला गेला पाहिजे, मगच गूळ. दूध घालायचं असेल तर पातेलं उतरवून, वाफ ओसरल्यावर. गरम गुळात दूध फाटतं. आणि तळाला लागू नये म्हणून गूळ पडल्यावर ढवळणारा माणूस हलता कामा नये. त्याची पाळी बदलायची, जागा रिकामी सोडायची नाही.

आमच्याकडे या ढवळण्याच्या पाळीला नेहमी मोठ्या हुद्द्याचा माणूस उभा करतात. अर्धा तास कालथा मारला की बोलणं कमी होतं.

कंबरतलाव

शक्तिविशिष्टाद्वैतावरून खपली गव्हावर! 😀 पण खरं सांगू, दासोह मला आत्ता कळला. धाग्याला पाच तारे.

शतस्थल

षट्स्थल अजून कोणी नीट उघडलेलं नाही, म्हणून थोडं लांबतो.

भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण, ऐक्य ही सहा स्थलं, म्हणजे साधकाच्या अवस्था. पुस्तकांत ती शिडीसारखी छापतात आणि तिथेच घोटाळा होतो. माणूस विचारतो, मी तिसऱ्या पायरीवर की चौथ्या? शिडी असती तर सहाच पुरली असती. पण सहांतल्या प्रत्येकात पुन्हा सहा आहेत, म्हणजे ३६. त्यांत पुन्हा सहा, म्हणजे २१६. भक्तातला ऐक्य असतो आणि ऐक्यातला भक्तही असतो. १०१ स्थलांची मांडणी वेगळी, तिच्यात आत्ता शिरत नाही.

प्रत्येक स्थलाला एक लिंग, एक इंद्रिय, एक अर्पण आणि एक भक्ती जोडलेली आहे. भक्ताचं आचारलिंग, नाक, गंध, श्रद्धा. महेशाचं गुरुलिंग, जीभ, रस, निष्ठा. प्रसादीचं शिवलिंग, डोळा, रूप, अवधान. प्राणलिंगीचं जंगमलिंग, त्वचा, स्पर्श, अनुभव. शरणाचं प्रसादलिंग, कान, शब्द, आनंद. ऐक्याचं महालिंग, हृदय, तृप्ती, समरस.

हे पाठ करून उपयोग नाही. एकच घेऊन बघा. महेश घ्या, कारण बहुतेक सगळे तिथेच अडकतात. जीभ आणि निष्ठा एकत्र का? चव घेणारी जीभ आणि बोलणारी जीभ एकच आहे. अर्पणाचा अर्थ, घास तोंडात जाण्याआधी तो कोणाच्या कष्टाचा हे मनात आणून लिंगाला दाखवायचा आणि मग प्रसाद म्हणून घ्यायचा. लाचेच्या पैशाचा घास दाखवताच येत नाही, हात अडखळतो. अडखळत नसेल तर दाखवणं यांत्रिक झालं. इथली विकृतीही ठरलेली. निष्ठा वाढली की माणूस कडक होतो, दुसऱ्याच्या ताटात डोकावतो, ‘तू खरा शिवभक्त नाहीस’ म्हणायला लागतो. महेशाला उतारा प्रसादीचा आहे: समोर जे आलं ते प्रसाद, समोर जो आला तोही.

पंचाचारांतही हीच रचना दिसते. लिंगाचार, सदाचार, शिवाचार, भृत्याचार, गणाचार. गणाचार म्हणजे अन्यायापुढे उभं राहणं. त्याच्या शेजारीच भृत्याचार ठेवलाय, म्हणजे मी सगळ्यांचा चाकर. चाकरपण काढून टाकलं की गणाचाराची झुंडशाही होते. नुसतं चाकरपण ठेवलं की हातमाग म्हणाले तसली गेटवरची पाटी होते.

हातमाग_पूर्वभाग

+१. शेवटची दोन वाक्यं फ्रेम करून लावतो, गेटवर 😀

मंगळवेढेकर

शतस्थल, मस्त. एक प्रश्न धागाकर्त्यांना. अल्लमांच्या टोचणीनंतर सिद्धरामांनी तळं, देवळं ही कामं सोडली असं मानायचं का? तसं असेल तर ‘एकच खातं’ कोसळतं. आत्मज्ञान झालं आणि लोकोपयोगी काम बंद पडलं, असा त्याचा अर्थ होईल.

सोन्नलगी

शून्यसंपादनेतला (शरणांचे संवाद गुंफलेला कन्नड ग्रंथ) तो संवाद दोन्हीकडे ओढता येतो, आणि ओढलाही जातो. एक वाचन असं की अल्लमांनी बांधकाम हे बंधनच ठरवलं. बसवण्णांच्या प्रसिद्ध वचनात स्थावराला (देवळासारख्या बांधून ठेवलेल्याला) नाश आहे, जंगमाला (चालत्याबोलत्याला) नाही असंही आहेच, ते याच्या जोडीला देतात.

मी दुसऱ्या बाजूचा. अल्लमांचा आक्षेप खोदण्याला असता तर वड्डर, कोळी, परीट, चांभार यांची कायकं मंटपात मानाने बसली नसती. आक्षेप खोदून झाल्यावर उरणाऱ्या कर्त्याला आहे. तळ्याला पाणी धरायला कर्त्याची गरज नाही, फक्त बांध लागतो. आणि व्यवहाराच्या बाजूने बघा. रखरखीत मुलुखात तळं म्हणजे जनावरांना पाणी, आसपासच्या विहिरींना झरे. ते बंधन आहे असं तहानलेल्या गावाला सांगायला अल्लमही धजले नसते.

चिद्विलास

असहमत. अल्लम कशालाही धजले असते. त्यांना मवाळ करू नका, त्यांची सगळी ताकद त्यातच आहे. त्यांचं वचन समाजकार्याला सोयीस्कर करून घेतलं की सिद्धरामांना जो धक्का बसला तो आपल्याला बसतच नाही. तो प्रश्न उघडाच ठेवावा.

रुद्राक्षी

उघडा प्रश्न आणखी एक. यात्रेतली कुंभारकन्या. तिला सिद्धरामांशी लग्न करायचं होतं, ते योगी म्हणून नाही म्हणाले, योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली. त्याचीच आठवण म्हणजे नंदीध्वज, संमती कट्ट्यावरच्या अक्षता, बाराबंदी घातलेली माणसं आणि ‘हर्र बोला हर्र’चा गजर. दुसऱ्या दिवशी होमाच्या वेळी पेंढीला साडी नेसवून अग्नी देतात, ती तीच.

प्रवचनात याचा अर्थ लिंगांगसामरस्य असा सांगतात. अंग लिंगात विरलं. मान्य. पण मग विरणारं अंग प्रत्येक वेळी बाईचंच का? आणि ज्यांनी ‘मी’ कर्ता नको म्हटलं, त्यांच्या कथेत हो-नाही म्हणण्याचा हक्क एकट्या योग्याला कसा उरला?

शतस्थल

अर्धं उत्तर आहे. षट्स्थलात ‘शरण सती, लिंग पती’ हा भाव स्त्री-पुरुष दोघांना लागू आहे, म्हणजे बसवण्णाही तिथे सतीच. त्या हिशेबाने पेंढी ही प्रत्येक भक्ताची. सात नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत, तेही यात धरा: लग्न एकीचं आणि वऱ्हाड सगळ्या गावाचं. पण साडी पेंढीलाच का, धोतर का नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही. वचनकार अक्कमहादेवींनी चेन्नमल्लिकार्जुनाला, म्हणजे शिवाला, पती मानलं तेव्हा त्यांनी राजाचं घर सोडलं, जाळून नाही घेतलं. तुमचा प्रश्न त्या बाजूने पुढे नेता येईल.

रुद्राक्षी

तिकडूनच नेणार. अक्का अनुभवमंटपात आल्या तेव्हा अल्लमांनी घेतलेल्या परीक्षेवर वेगळा धागा काढते, या आठवड्यात. हुग्गी, तोवर एक सांगा: खपली मिळाली नाही तर साध्या गव्हाला पाणी किती?

हुग्गी

पाणी जवळपास तेवढंच, पण भिजवणं कमी, पाच-सहा तास पुरे. रात्रभर ठेवला तर उन्हाळ्यात आंबतो. आणि साधा गहू लवकर चिकट होतो, म्हणून गूळ पडल्यावर जाळ निम्म्यावर आणा.